अर्धी गोळी

डॉक्टर कोझिकोडच्या. रुवीतल्या दवाखान्यात
त्यांनी आधी दम्याचं विचारलं.
मला नाही, मी म्हटलं, आमच्या अम्मांना होता.
मग नाडी धरली, घड्याळाकडे पाहत,
आणि माझ्या नाडीने लगेच
दारात पाहुणे आल्यासारखी धावपळ सुरू केली.

चाळीसची गोळी. फिकट गुलाबी, मधोमध रेघ.
अर्धी घ्यायची, परीक्षेच्या तासभर आधी.
त्याआधी एकदा घरीच घेऊन बघा, म्हणाल्या,
चक्कर येते का, पाय गार पडतात का.
शुक्रवारी घेतली.
शौकत जुम्म्याच्या नमाजाहून आले
तेव्हा मी सुईत दोरा ओवत बसले होते,
एकामागून एक, सहा सुया,
शिवायचं काहीच नसताना.

तीनदा नापास झालेय मी ड्रम टेस्टला.
दोन रांगांत उभी केलेली पिंपं,
त्यांच्यामधून गाडी उलटी आणायची,
एवढंच.
पहिल्या वेळी क्लचवरचा पाय
शिलाई मशीनच्या पायटीवर असल्यासारखा नाचला.
दुसऱ्या वेळी इंजिनच बंद.
तिसऱ्या वेळी परीक्षक पट्टा लावेपर्यंत
मी दार उघडून उतरले होते.

आणि हीच मी
चौदा वर्षं घाल्यातल्या कचेरीत लोकांच्या पगाराचे आकडे जुळवते,
एक बैसा इकडचा तिकडे होत नाही.
हीच मी म्हसळ्याच्या उतारावर
भावाच्या स्कूटरमागे दोन्ही हात सोडून बसायची.
कुठे चिकटली असेल ही थरथर?
विमानतळावर? व्हिसाच्या कागदावर सही करताना?
विचारत बसले नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही.
बाहेर सत्तावीस माणसं टोकन घेऊन बसली होती.

आज सकाळी सहा वाजता,
खजूर, अर्धा कप चहा, अर्धी गोळी.
मैदानात मास्टर जुमा सावली शोधत उभे.
भीती आली होती, नेहमीसारखी वेळेवर.
डोक्यात बसून तिने हाका मारल्या,
हातांना, गुडघ्यांना, घशाला.
खालून कुणी ओ देईना.
माझी बोटं स्टिअरिंगवर पडली होती
दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी,
कोरडी.
मला त्यांची जरा लाजच वाटली.
इतकी वर्षं ओळखते मी या हातांना,
असे परके कधी वागले नव्हते.

गाडी मागे गेली. हळू. सरळ.
आरशात पहिलं पिंप, दुसरं पिंप,
आणि मी वळले
एक वीत लवकर.

पिंप पडलं.
रिकाम्या पत्र्याचा तो आवाज
मैदानभर घरंगळत गेला.
मी ऐकत राहिले.
छातीत काहीच वाजलं नाही.

खलास, परीक्षक म्हणाले, नेक्स्ट.

परतताना जुमा बराच वेळ गप्प.
मग वादी कबीरच्या सिग्नलला म्हणाले,
"मॅडम, आज तुम डरा नहीं.
आज सिर्फ गाडी गलत घुमाया."
मला हसू आलं, खरोखरचं.
वळण चुकलं होतं.
वळण शिकता येतं.

रात्री दहाच्या सुमारास भांडी घासताना
उशिरा पोचलेल्या नातेवाइकासारखं
काळीज धडधडत आलं,
काय झालं, काय झालं करत.
मी नळ बंद केला.
ओले हात बघितले. किंचित थरथरत होते.
माझेच होते.

बस, म्हटलं, सांगते.

उरलेली अर्धी गोळी
वेलचीच्या डबीत ठेवलीय, चांदीच्या कागदात.
पुढची तारीख तेवीस.
लागली तर घेईन.
जुमांना मात्र सांगितलंय,
उद्यापासून रोज एक तास
नुसतं मागे जायचं.